पंच्याआडचा गुडघा

सरांच्या लॅबमध्ये चार कॉम्प्युटर होते आणि चार पंचे. पांढरे, बारीक लाल काठाचे. सर ते शनिवार पेठेतल्या घरून धुऊन, घडी घालून आणायचे. कॉम्प्युटरनं गणित सुरू केलं की सर खुर्चीतून उठायचे आणि त्या स्क्रीनवर पंचा टाकायचे. गणित संपल्याचा आवाज व्हायचा, तरी पंचा निघायचा नाही. आधी आपली वही उघडायची. काय उत्तर येईल असं आपल्याला वाटतंय ते वहीत आधीच लिहिलेलं असायला हवं. ते मोठ्यानं वाचायचं. मग सर दोन बोटांनी पंचा उचलायचे.

मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून टाकला असेल. मी तो काढला, नीट घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. सर शेजारीच उभे होते.

"आपण कोणाकडे जेवायला गेलात की आधी स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडून बघता का?" त्यांनी विचारलं.

मी "नाही सर" म्हणाले.

"मग इथेच का?"

सर सगळ्या मुलामुलींना 'तुम्ही' म्हणायचे. 'आपण' म्हणाले की समजायचं, काहीतरी चुकलं आहे.

मी मांजरीची, पुण्याजवळच्या गावची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील ऊस करतात, आई त्यांच्या बरोबरीनं शेतात असते. इंजिनियरिंग झाल्यावर मी पुढच्या पदवीसाठी सरांच्या लॅबमध्ये आले. मला मिळालेला विषय घरी समजावून सांगायला मला पुष्कळ दिवस लागले. गुडघ्याखाली नडगीचं जे हाड असतं, त्याचं वरचं टोक पाटासारखं सपाट असतं. मांडीचं हाड त्या पाटावर टेकतं. अपघातात हा पाट फुटतो. डॉक्टर धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, आणि स्क्रू लावून तुकडे जोडतात. ती प्लेट तुकड्यांना जागेवर धरून ठेवेल की नाही, हे कॉम्प्युटरवर हाडाची प्रतिकृती करून आधी सांगायचं, हे माझं काम.

पण सरांकडे कॉम्प्युटर शेवटी यायचा. आधी यायचा लाकडी गुडघा. सागवानाचे दोन ओंडके, मधे दोरीनं बांधलेले, वरचा पाट करवतीनं कापून तीन तुकडे केलेला आणि बाजूला स्क्रूनं बसवलेली एक लोखंडी पट्टी. सरांनी तो स्वतःच्या हातानं केला होता. ते तो कापडी पिशवीत घालून स्कूटरला अडकवून आणायचे. तो आमच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "दाबा." आपण दाबायचं. कुठला तुकडा हलतो, कुठे हाताला कच्चं लागतं, ते वहीत लिहायचं. "हाताला जे कळतं ते आधी लिहून ठेवा. एकदा का स्क्रीनवर रंग दिसले की हात गप्प बसतो," असं ते म्हणायचे.

रंगांवर त्यांचा राग होता. कॉम्प्युटर हाडावरचा ताण रंगांत दाखवतो. जिथे कमी तिथे निळा, जिथे जास्त तिथे लाल. कोणी मुलगा कौतुकानं तसलं चित्र घेऊन आला की सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "छान. बैठकीच्या खोलीत लावा."

चार वाजता चहा यायचा. सर खारी सोबत घेऊन बसायचे आणि खाण्याआधी मोडून दाखवायचे. आडवी मोडली तर पापुद्रे सुटतात, उभी मोडली तर निराळीच तुटते. "हाडसुद्धा सगळ्या बाजूंनी सारखं नसतं. लोखंडासारखं समजून गणित कराल तर या खारीला तुमच्यापेक्षा जास्त कळतं असं होईल." मग ते ती खारी चहात बुडवून खायचे आणि टेबलावरचा चुरा पंच्यानं पुसायचे. त्याच पंच्यानं मग स्क्रीन झाकायचे. आमच्या सगळ्यांच्या स्क्रीनवर थोडी थोडी खारी असायची.

माझी खरी अडचण अंदाज लिहिण्याची होती. शाळेत चुकीचं उत्तर दिलं की उभं राहावं लागायचं, म्हणून मी उत्तरच द्यायचं नाही असं शिकले होते. लॅबमध्ये तसं चालेना. मग मी पेन्सिलनं, अगदी फिकट लिहायला लागले. तुकडा किती सरकेल? 'शून्य ते दहा मिलिमीटर.'

सरांनी वही उजेडात धरली. "हा अंदाज नाही. ही पुण्याची हद्द आहे. वाढवत नेली की सगळंच आत येतं, तुमच्या मांजरीसकट."

सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण कान गरम झाले. सरांनी मला स्वतःचं शाईचं पेन दिलं. "एक आकडा. शाईनं."

अंदाज सरसुद्धा लिहायचे, स्वतःच्या वहीत. त्यांच्या कपाटात अशा वह्यांची एक अख्खी फळी होती. नियम असा होता, की ज्याचा अंदाज उत्तराच्या जवळ जाईल त्यानं दुसऱ्याच्या वहीत त्या पानाखाली सही करायची. माझ्या वहीत पानोपानी सरांची सही होती. सरांच्या वहीत कोणा विद्यार्थ्याची सही आहे का, याबद्दल आमच्यात बोलणं व्हायचं. आमच्यापैकी कोणीच ती पाहिलेली नव्हती.

आणखी एक त्यांची सवय सांगायला हवी. कुठलीही प्रतिकृती दाखवली की ते पहिला प्रश्न विचारायचे, "कोण आहेत या?" हाडांच्या एका डॉक्टरबाईंनी आम्हाला एका रुग्णाच्या गुडघ्याचा स्कॅन नाव झाकून दिला होता. तोच मी वापरत होते. मी म्हणाले, "सर, नाव माहीत नाही. बाई आहेत. चाळिशीच्या पुढच्या. दुचाकीवरून पडल्या."

"आणि?"

"आणि काही माहीत नाही."

"मग माहीत नाही असं लिहा. पण विचार करत राहा. हाड रस्त्यावर एकटं फिरत नाही."

पहिली परीक्षा झाली तो दिवस मी विसरणार नाही. समोर आमचे विभागप्रमुख, त्या डॉक्टरबाई आणि सर. मी स्क्रीनवर माझा गुडघा दाखवला. त्याच्या बाहेरच्या बाजूला एक लांब प्लेट होती. वरून माणसाचं वजन दिलं, तर तुकडे जवळजवळ हललेच नाहीत. सगळं निळं. विभागप्रमुख खूश झाले. "वा! प्लेट एकदम घट्ट आहे."

सर बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "प्लेट काढून टाका आणि परत चालवा."

मी प्लेट काढली. त्यांनी पंचा टाकला. मी वहीत लिहिलं, 'तुकडे निखळतील.' ते वाचून दाखवलं. पंचा उचलला गेला.

तुकडे निखळले नव्हते. एक केसभरसुद्धा हलले नव्हते. सगळं तसंच निळं.

माझ्या डोक्यात हळूहळू उजाडलं. कॉम्प्युटर हाडाचे हजारो बारीक तुकडे करतो आणि ते कोपऱ्याकोपऱ्यांनी एकमेकांना जोडतो. जिथे हाड मोडलं आहे त्या रेषेवर हे कोपरे आपण वेगळे करायचे असतात. ते मी केलेच नव्हते. माझ्या हाडावर मोडल्याची रेघ होती, पण हाड मोडलेलं नव्हतं.

"अभिनंदन," सर म्हणाले. "आपण शस्त्रक्रिया न करताच रुग्ण बरा केलात."

विभागप्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांनी मला एक महिना दिला. तेव्हाही जमलं नाही तर हा विषय काढून घेणार, नवा देणार, म्हणजे वर्ष गेलंच. डॉक्टरबाई मोबाइल बघत बाहेर गेल्या.

मी जिन्यात जाऊन बसले. मला रडू आलं नाही. मला फक्त वाटलं, हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, उद्यापासून यायचं नाही. वडिलांना काय सांगायचं, एवढंच मी मनात जुळवत होते. तेवढ्यात सर आले. ते माझ्या शेजारी बसले नाहीत, दोन पायऱ्या वर उभे राहिले. हातात कागदात गुंडाळलेली खारी होती.

"घ्या. मोडू नका, खा."

मी घेतली.

"तुमची चूक कोणी पकडली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, सर."

"नाही हो. मला नुसता संशय होता. चूक तुमच्या वहीनं पकडली. तुम्ही शाईनं लिहिलं होतं, तुकडे निखळतील. निखळले नाहीत, म्हणून तुम्हाला तिथल्या तिथे कळलं. मी तुमचं तोंड बघत होतो. लिहिलं नसतंत तर प्लेट काढल्यावरसुद्धा विज्ञान म्हणून मान डोलावली असतीत. प्रमुखसाहेब डोलावणारच होते." ते वळले आणि जाता जाता म्हणाले, "उद्या दहा वाजता. हाड मोडायला."

दुसऱ्या दिवशी मी दहाला पाच कमी असताना पोचले. आठवडाभरात हाड नीट मोडलं. प्लेट काढली की तुकडे निखळायचे, लावली की राहायचे. सगळं ठीक होतं. निदान मला तसं वाटलं.

रविवारी दुपारी मी घरी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. आई खुरपून आली होती. हातपाय धुऊन ती माझ्यामागे उभी राहिली आणि पदरानं तोंड पुसत बघत राहिली.

"ही कोण?" तिनं विचारलं. सर विचारायचे अगदी तसंच.

"एक बाई आहे. गुडघा मोडला होता. ही पट्टी लावली की सरळ उभं राहता येतं का, ते बघतेय."

"येतंय का?"

"येतंय."

आईनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही काय कायम उभीच र्‍हाणार हाय व्हय?"

"म्हणजे?"

"म्हंजे बसंल का न्हाई? खुरपाया बसायचं, चुलीपुढं बसायचं, धुण्याला बसायचं. दिसभर उभी कोण बाई र्‍हाती?" आणि ती सहज माझ्यासमोर उकिडवी बसली, हात न टेकवता, जशी आयुष्यभर बसत आली आहे तशी. "ह्या पट्टीवर असं बसता येतंय का, त्ये बघ की."

मी तिच्या गुडघ्याकडे बघत राहिले. मी वाचलेल्या सगळ्या लेखांत माणूस उभा होता नाहीतर सपाट जमिनीवर चालत होता. मीही तसंच वजन दिलं होतं. शेजारी बाई उकिडव्या बसत असताना मी परदेशातल्या चालणाऱ्या माणसाचं गणित करत होते.

सोमवारी हे सरांना सांगायला मला लाज वाटत होती. आईनं विचारलं असं कसं सांगायचं? मी म्हणाले, "सर, एक शंका आहे. म्हणजे बरोबर असेल असं नाही. पण गुडघा पूर्ण वाकला तर..."

"ही शंका कुठल्या लेखात आहे?"

"लेखात नाही, सर. आईनं विचारलं."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग त्या माणसानं, निवृत्तीला आलेल्या, इस्त्रीची पँट घातलेल्या, सगळ्या लॅबसमोर उकिडवं बसून दाखवलं. टाचा जमिनीला टेकेनात. तोल जाऊन ते मागच्या कपाटाला धडकले. तिथूनच त्यांनी हात पुढे केला. "पिशवी आणा."

मी लाकडी गुडघा आणला. सर म्हणाले, "वाकवा. आता दाबा."

मी वाकवून दाबलं. वरचा ओंडका पाटाच्या मागच्या कडेवर सरकला आणि मागचा तुकडा माझ्या अंगठ्याखाली खाली घसरला. बाजूची लोखंडी पट्टी जशीच्या तशी. तिचे स्क्रू त्या तुकड्यापर्यंत पोचतच नव्हते. इतक्या वर्षांत कित्येक मुलांनी तो गुडघा दाबला होता. सगळ्यांनी सरळच दाबला होता. सरांनीसुद्धा.

सर जमिनीवरच बसले होते. ते म्हणाले, "लिहा."

पुढचे तीन आठवडे मी तेच केलं. गुडघा वाकवला, वजन मागच्या कडेवर दिलं, आणि दोन प्रतिकृती चालवल्या. एकीत नुसती बाजूची प्लेट, दुसरीत मागच्या तुकड्याला आधार देणारी आणखी एक छोटी प्लेट. सरांनी स्वतः खाली वर्कशॉपमध्ये उभं राहून वाकलेला गुडघा धरून ठेवणारा लोखंडी साचा करून घेतला. दुसऱ्या परीक्षेत नुसता कॉम्प्युटर दाखवायचा नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हाडासारखं प्लास्टिकचं हाड आणायचं, तसंच मोडायचं, तशाच प्लेटा लावायच्या आणि दाब देणाऱ्या यंत्रावर सगळ्यांसमोर दाबायचं.

"सर, चुकलं तर?" मी विचारलं.

"तर वर्ष जाईल," ते म्हणाले. "खोटं उत्तर पुढे नेण्यापेक्षा एक वर्ष जाणं बरं."

परीक्षेच्या दिवशी यंत्राभोवती आम्ही चौघं उभे होतो. यंत्रात नुसती बाजूची प्लेट लावलेलं हाड वाकवून धरलं होतं. तुकडा किती घसरला हे दाखवणारी घड्याळासारखी तबकडी होती. सरांनी तिच्यावर पंचा टाकला. डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या.

"हे काय?"

"अंदाज," सर म्हणाले आणि त्यांच्यापुढे कोरा कागद धरला. "तुम्हीही लिहा. प्रमुखसाहेब, तुम्ही परीक्षक आहात, तुम्हाला माफ."

डॉक्टरबाई हसल्या, पण लिहिण्याआधी माझ्याकडे वळल्या. "तुझा मुद्दा मला कळला. पण आम्ही ऑपरेशननंतर रुग्णाला खाली बसू नका असं स्पष्ट सांगतो. मग बसण्याचं गणित कशाला?"

मी सरांकडे पाहिलं. सर तबकडीवरच्या पंच्याची कड सारखी करत होते. ते माझ्याकडे बघणार नव्हते, हे मला कळलं.

"तुम्ही सांगता, मॅडम," मी म्हणाले. "पण त्या बसतात. आमच्याकडे सगळ्या बसतात. चूल खाली आहे, शेत खाली आहे. बसू नका म्हटलं तर त्या तुमच्यासमोर हो म्हणतात आणि घरी जाऊन बसतात."

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "परत येतात तेव्हा आम्हाला कळतं." मग त्यांनी कागदावर लिहिलं, 'अर्धा मिलिमीटर.'

सरांनी आपल्या वहीत लिहिलं आणि वही पालथी ठेवली. माझ्या वहीत मी कॉम्प्युटरचं उत्तर आणि माझ्या अंगठ्याला जे कळलं होतं, दोन्ही धरून एक आकडा लिहिला होता. शाईनं. 'तीन.'

यंत्र सुरू झालं. ते काही आवाज करत नाही, नुसतं हळूहळू खाली येतं. मी हाडाकडे बघत होते. नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं. मग बारीकसा 'कट्' असा आवाज झाला. यंत्र थांबलं.

"वाचा," सर म्हणाले.

"तीन," मी वाचलं.

विभागप्रमुखांनी डॉक्टरबाईंच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सरांनी पंचा उचलला.

काटा तीनच्या जरासा अलीकडे उभा होता.

डॉक्टरबाई वाकल्या, चष्मा लावून त्यांनी तबकडी पुन्हा वाचली. मग बोट लावून मागचा घसरलेला तुकडा चाचपला. "दुसरं लावा," त्या म्हणाल्या. मागे छोटी प्लेट असलेलं दुसरं हाड आम्ही लावलं. तेवढाच दाब. पंचा उचलला तेव्हा काटा शून्यापाशीच होता, थोडासा थरथरत.

"मागून प्लेट म्हणजे रुग्णाला पालथं झोपवायचं. काम वाढतं," डॉक्टरबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग सरांना म्हणाल्या, "मला या वाकलेल्या गुडघ्याच्या आणखी चाचण्या हव्या आहेत. आणि त्या करायला हीच मुलगी हवी."

विभागप्रमुखांनी माझ्या कागदावर 'मंजूर' असं लिहिलं आणि हात मिळवला. मला वाटतं मी त्यांना धन्यवादसुद्धा म्हणाले नाही. कारण त्याच वेळी सरांनी आपली वही सुलटी केली होती आणि माझ्यापुढे धरली होती. तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'एक.'

"चुकलो," ते म्हणाले. इतक्या आनंदानं स्वतःची चूक सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. चष्मा कपाळावर होता आणि ते सगळ्यांना ते पान दाखवत होते, मूल बक्षीस दाखवतं तसं. "इतक्या वर्षांचा माझा हात सरळ पायाला सोकावलेला. अर्ध्यापेक्षा कमी लिहिलं! बघताय ना, प्रमुखसाहेब?"

मग त्यांनी शाईचं पेन माझ्या हातात दिलं. मी पानाखाली आद्याक्षरं लिहायला गेले.

"पूर्ण नाव," सर म्हणाले. "गावासकट."

मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. सरांनी फुंकर घालून शाई वाळवली, वही मिटली आणि पंचा खांद्यावर टाकला.

"आता इथे काय उभ्या आहात? घरी जा आणि आईंना उत्तर द्या. त्यांनी विचारून तीन आठवडे झाले. माणसाला इतकं ताटकळत ठेवू नये."

मी मांजरीची बस पकडली. पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई बांधाकडेच्या मेथीत उकिडवी बसून खुरपत होती. मी चपला काढून वाफ्यात उतरले. तिनं मान वर न करता विचारलं, "काय झालं गं तुझ्या त्या बाईचं? बसली का शेवटी?"

"बसली," मी म्हणाले. "आणि उठलीपण."